उजव्या मनगटाचा दावा

कोकणात वकील शोधायला फार लांब जावे लागत नाही. प्रत्येक घराचा एक वकील ठरलेला असतो आणि तो बहुधा जमिनीचा असतो. सामाईक गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा वाद, कुळाची नोंद, मुंबईच्या भाऊबंदांनी मागितलेले वाटप, यांपैकी एखादे प्रकरण घरोघर दोन पिढ्या चालू असतेच. आमच्या घराचेही असे एक वकील लांज्यात आहेत आणि सासऱ्यांच्या काळापासून आमचे कागद त्यांच्याकडे असतात. २०२३ च्या फेब्रुवारीत माझा अपघात झाला, तेव्हा नुकसानभरपाईचा दावा त्यांच्याकडेच द्यायचा असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. त्यांनी तो घेतला नाही. “वहिनी, मी सातबारा वाचणारा माणूस. अपघाताचे दावे रत्नागिरीला चालतात, तिथे रोज तेच काम करणाऱ्या वकिलाकडे द्या. मी घेतला तर नुकसान तुमचे होईल,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला तोच होता आणि त्याची त्यांनी फी घेतली नाही.

अपघात असा झाला. पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसून मी रत्नागिरीला निघाले होते. अंजणारी घाट उतरून पालीकडे जाताना, मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी वाहतूक एका बाजूला वळवलेली होती तिथे, समोरून आलेल्या मालवाहू टेम्पोने आम्हाला धडक दिली. पुतण्याचे खरचटण्यावर निभावले. माझ्या उजव्या मनगटाजवळची दोन्ही हाडे मोडली, तडा सांध्यापर्यंत गेला आणि शस्त्रक्रिया करून पट्टी व स्क्रू बसवावे लागले. मी घरी आमसुले, आंबापोळी, फणसपोळी आणि तळलेले गरे करून विकते. एप्रिलपासून पाऊस सुरू होईपर्यंतचे आठवडे म्हणजे माझे वर्ष. त्या वर्षीचा हंगाम मी गळ्यात अडकवलेला हात घेऊन ओटीवर बसून पाहिला.

रुग्णालयात असतानाच दोन माणसे भेटून गेली. एक टेम्पोचा मालक. त्याने नारळपाणी आणले, औषधांचा थोडा खर्च देऊ केला आणि “पोलिसांत कशाला जाता, आपण आपसात मिटवू,” असे यजमानांना सुचवले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. टेम्पोचा विमा चालू असेल तर भरपाईची रक्कम त्याच्या खिशातून जात नाही, विमा कंपनीकडून येते, हे त्याच्याही लक्षात आले नव्हते. दुसरा माणूस मात्र सराईत होता. तो कोणाचा नातेवाईक नव्हता, रुग्णही नव्हता. अस्थिरोग विभागात खाटेखाटेशी जाऊन तो चौकशी करत होता आणि त्याच्या फाइलीत कोऱ्या वकीलपत्रांचा गठ्ठा होता. “डाव्या हाताचा अंगठा चालेल, खर्च एक पैसा नाही, निकाल लागला की तीस टक्के,” असे तो म्हणाला. माझ्या जाऊबाई तिथेच होत्या. ज्या वकिलांचे हे वकीलपत्र आहे ते स्वतः का आले नाहीत, एवढेच त्यांनी विचारले. त्यावर तो पुढच्या खाटेकडे वळला.

टक्केवारीचा प्रश्न नंतरही अनेकदा निघाला, म्हणून त्याविषयी इथेच लिहिते. मुलाने मोबाइलवर वाचून सांगितले होते की अपघाताचे वकील जिंकल्यावरच फी घेतात आणि ती मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा असते. ते वाचन अमेरिकेतले होते. तिथे ती पद्धत कायदेशीर आणि रुळलेली आहे. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या वर्तणूक नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घेण्याचा करार करता येत नाही आणि माणसे पाठवून पक्षकार गोळा करणेही निषिद्ध आहे. तरी टक्केवारी सर्रास चालते, हे कोर्टाच्या आवारात कोणीही नाकारत नाही. ज्याच्याकडे कोर्ट फीलाही पैसे नाहीत त्याला दुसरा मार्ग दिसत नाही, हेही मला समजते. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्याला तीस टक्के मिळणार, त्याच्या दृष्टीने दोन सुनावण्यांत मिटलेले तीन लाख हे दोन वर्षे साक्षीपुरावे करून मिळवलेल्या सात लाखांपेक्षा सोयीचे असतात. त्याचे आणि माझे हित वरवर एक दिसते, पण ते एका तारखेपर्यंतच एक असते.

प्लास्टर निघाल्यावर मी आणि यजमान रत्नागिरीला वकील पाहायला गेलो. जिल्हा न्यायालयातच मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चालते. तिथे रोज दिसणाऱ्या वकिलांची नावे आम्ही बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणि टंकलेखन करणाऱ्या बाईंकडून घेतली. ही दोन माणसे कोणाच्या फाइली जाड असतात आणि कोण दर तारखेला मुदत मागतो हे अचूक जाणतात, असे माझे मत झाले आहे. एका नामवंत वकिलांकडे गेलो, तर ते टेम्पोचा विमा ज्या कंपनीचा होता तिच्याच पॅनेलवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या वकिलांपैकी निघाले. त्यांनी ते स्वतःहून सांगितले आणि चहा देऊन निरोप दिला. मात्र सगळेच स्वतःहून सांगतील असे नाही, म्हणून त्यानंतर प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न मी आधी विचारला.

दुसऱ्या वकिलांनी माझ्याकडे न पाहता यजमानांना विचारले, “अपंगत्व किती टक्के येईल?” डॉक्टरांनी अजून दाखला दिलेला नव्हता. “चाळीसच्या वर मिळवा, मग बघू,” असे म्हणून त्यांनी आम्हाला एका ओळखीच्या डॉक्टरांचे नाव सांगितले. आम्ही परत त्यांच्याकडे गेलो नाही.

तिसऱ्या ठिकाणी एक वकीलबाई होत्या. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि मला विचारले, “ताई, आमसुले करता म्हणजे नेमके काय करता, पहिल्यापासून सांगा.” मी सांगू लागले. रातांबे म्हणजे कोकमाची फळे धुऊन पुसायची, एकेक फोडून बी आणि गर वेगळा काढायचा, सालींना मीठ लावायचे, रसात बुडवून उन्हात घालायच्या, वाळल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. त्यांनी मला थांबवून विचारले की फोडताना रातांबा कोणत्या हातात असतो आणि सुरी कोणत्या. नंतर फणस चिरताना जोर मनगटावर येतो की खांद्यावर, फणसपोळीचा गर आटवताना कालथा किती वेळ फिरवावा लागतो, बरणीचे झाकण आता उघडते का, हे सगळे विचारून त्यांनी पिवळ्या कागदावर लिहून घेतले. चाचपणीसाठी त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली मला उजव्या हाताने उघडायला सांगितली. मला ती उघडता आली नाही. त्यांनी काही न बोलता तेही लिहिले. माझ्या दृष्टीने वकील तिथेच ठरला. पुढे न्यायाधिकरणासमोर जे प्रतिज्ञापत्र सादर झाले त्यात रातांबा डाव्या हातात आणि सुरी उजव्या हातात होती, आणि सगळा दावा शेवटी त्या सुरीवरच उभा राहिला.

एक गोष्ट सांगायला हवी. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातही जाऊन आले होते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, ही गोष्ट आमच्या वाडीत कोणालाच माहीत नव्हती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी नीट माहिती दिली आणि मुदतीची आठवणही करून दिली. वकीलबाई भेटल्या नसत्या तर मी तोच मार्ग घेतला असता. ज्यांच्याकडे पैशांची अडचण आहे अशा प्रत्येक बाईला मी आता आधी त्या कार्यालयाचा पत्ता सांगते.

मुदतीचा मुद्दा गंभीर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करण्याची अट कलम १६६ मध्ये परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याआधी बरीच वर्षे अशी मुदत नव्हती, म्हणून “कोर्टकचेरी काय, सावकाश करू, आधी हात बरा होऊ दे,” असे सांगणारी वडीलधारी मंडळी जुन्या अनुभवावरून बोलत असतात. त्याच तारखेपासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. वकीलबाई त्यावर विसंबून राहिल्या नाहीत. त्यांनी प्रथम खबर (एफआयआर), घटनास्थळाचा पंचनामा, टेम्पोचे नोंदणी पुस्तक, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना आणि माझ्या दुखापतीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती पोलीस ठाण्यातून मागवल्या आणि पावसाळ्यात, मुदत संपण्याच्या पुरेसे आधी, दावा दाखल केला.

वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी त्यांनी फी कागदावर लिहून दिली: कोर्ट फी आणि नकलांचा खर्च आमचा, त्यांची फी ठरावीक, आणि ती दाखल करताना, साक्षीच्या वेळी व निकालानंतर अशा तीन भागांत. सही मी डाव्या हाताने केली, म्हणून त्यांनी खाली तशी नोंद घेतली. दावा नोंदला गेल्यावर त्यांनी प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक दिला आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स अॅपवर पुढची तारीख कशी पाहायची ते मुलाला दाखवले. पक्षकाराने स्वतः तारीख पाहिलेली त्यांना आवडत असे. दर वेळी फोन करून “आज काय झालं?” असे विचारणाऱ्या पक्षकारापेक्षा ते बरे, असे त्या म्हणत.

घरात खरी अडचण आली ती पुतण्यावरून. विमा कंपनीच्या लेखी उत्तरात चूक स्कूटरवाल्याची होती, त्याने अरुंद रस्त्यावर मध्येच गाडी घातली, असे म्हटले होते. जाऊबाईंना वाटले की आता आपल्याच पोरावर केस येणार. काही दिवस त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत. पुतण्या तर मला बघून “काकी, माझं काय चुकलं का?” असे परत परत विचारी. वकीलबाईंनी त्या दोघांना बोलावून घेतले आणि समजावले की मागे बसलेल्या माणसाची चूक असण्याचा प्रश्नच येत नाही. दोन चालकांच्या एकत्रित निष्काळजीपणाने तिसऱ्याला इजा झाली, तर त्या तिसऱ्याला पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाही एकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या खेन्येई प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून दावा टेम्पोचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याविरुद्धच राहील. शिवाय पुतण्याच्या स्कूटरचा विमा फक्त तिसऱ्या पक्षापुरता होता आणि अशा पॉलिसीत मागे बसणारा धरला जात नाही, त्यामुळे त्याला ओढून हाती काही लागणारही नव्हते. जाऊबाईंनी त्या दिवशी कार्यालयातून बाहेर पडल्यावर माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

रस्त्याच्या ठेकेदारालाही पक्षकार करावे, असे यजमानांचे म्हणणे होते. वळवलेल्या रस्त्यावर फलक नव्हता, हे पंचनाम्यातही आले होते. बारा वर्षे खणून ठेवलेल्या महामार्गावर राग काढायला यापेक्षा चांगली संधी नव्हती. वकीलबाईंनी ते मानले नाही. फलकाचा मुद्दा साक्षीत येईल, पण पक्षकार वाढले की प्रत्येकाची नोटीस बजावण्यात वर्ष जाते, आणि पैसे देण्यास कायद्याने बांधलेली विमा कंपनी समोर उभी असताना ते वर्ष घालवण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत होते. त्यांचे बरोबर होते, पण यजमान आजही त्या वळणावर गाडीचा वेग कमी करताना काहीतरी पुटपुटतात.

आता उत्पन्नाविषयी. पगारदार माणसाला पगारपत्रक दाखवून मोकळे होता येते. घरी पदार्थ करून विकणाऱ्या बाईने काय दाखवायचे? माझ्याकडे दुकान नाही, प्राप्तिकराचे विवरणपत्र नाही. होते ते म्हणजे बचत गटाच्या बैठकीतल्या हिशेबाच्या नोंदी, बँकेचे पासबुक, खाद्यपदार्थांच्या नोंदणीचे प्रमाणपत्र आणि ज्या चाकरमान्यांच्या घरी माल जातो त्यांनी मोबाइलवरून पाठवलेल्या रकमा. वकीलबाईंनी हे सगळे लावून घेतले. रत्नागिरीतला एक दुकानदार दर वर्षी माझ्याकडून आमसुले घेतो, तो साक्षीला आला. आम्ही महिना १५ हजारांचे उत्पन्न मांडले होते. न्यायाधिकरणाने ९ हजार धरले. मला ते कमी वाटले, पण कागद नसते तर मजुरीचा किमान आकडा धरून विषय संपला असता.

वयाचा प्रश्न मी कधी मनात आणला नव्हता. माझ्या आधारकार्डावर १ जानेवारी १९७७ ही तारीख आहे. आमच्या वाडीतल्या कितीतरी बायकांची जन्मतारीख आधारवर १ जानेवारीच आहे, कारण नोंदणीच्या वेळी नक्की तारीख सांगता आली नाही की तीच पडत असे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र ऑगस्ट १९७९ आहे. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत हा दाखला मागितला होता, आणि माहेरच्या शाळेतून त्याची दुसरी प्रत काढण्यासाठी भावाला खेपा घालाव्या लागल्या. त्याचे महत्त्व नंतर कळले. भरपाई मोजताना वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. हे गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात नक्की केले आहेत. ४१ ते ४५ वयाला १४ आणि ४६ ते ५० वयाला १३. म्हणजे आधार धरले तर माझे एक वर्ष कापले जात होते. आधारकार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळेचा दाखला अधिक ग्राह्य, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तोही अशाच मोटार अपघाताच्या दाव्यात. आमचा युक्तिवाद त्यानंतर झाला, त्यामुळे तो थेट उपयोगी पडला.

अपंगत्वाचा दाखला ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्याच डॉक्टरांनी दिला. उजव्या हाताचे १८ टक्के कायमचे अपंगत्व. विमा कंपनीचे म्हणणे होते की हे एका अवयवाचे आहे, संपूर्ण शरीराचे धरले तर दहाच्याही खाली येते आणि तेवढीच कमाई बुडाली असे धरावे. इथे वकीलबाईंचा पिवळा कागद कामी आला. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शरीराचे अपंगत्व आणि कमावण्याच्या क्षमतेची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे सांगितले आहे. हात गेलेल्या सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाईल, त्याच जागी सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकेल, असे उदाहरणही त्या निकालात आहे. माझ्या डॉक्टरांना साक्षीत तेवढेच विचारले गेले: या मनगटाने फणस चिरता येईल का, तासभर कालथा फिरवता येईल का? त्यांनी नाही म्हणून सांगितले. डॉक्टरांना साक्षीला आणणे हे या सगळ्या कामातले सर्वांत जिकिरीचे होते. त्यांच्या शस्त्रक्रियांचे वार आणि न्यायाधिकरणाच्या तारखा जुळेनात. टक्केवाल्या वकिलाने तिथेच तडजोड केली असती असे मला वाटते.

माझी उलटतपासणी फार लांबली नाही. विमा कंपनीचे वकील सभ्य होते. त्यांनी विचारले, “अपघातानंतरही तुमच्याकडे आमसुले होतात, हे खरे आहे का?” मी खरे आहे म्हणाले. “म्हणजे उत्पन्न बुडाले नाही, हेही खरे?” त्यावर मी सांगितले की आता रातांबे फोडायला आणि फणस चिरायला शेजारच्या बाईंना मजुरीवर बोलवावे लागते, त्याची वही आहे. वही दाखल होती. त्यांनी ती चाळली, एका पानावर थांबले, तारीख विचारली, आणि पुढचा प्रश्न हेल्मेटविषयी विचारला. ते मी घातले होते आणि पंचनाम्यात त्याची नोंद होती.

विमा कंपनीचा शेवटचा बचाव चालकाच्या परवान्याचा होता. परवाना हलक्या वाहनाचा, टेम्पो मालवाहू, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. तोवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला होता की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या माणसाला साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. तो बचाव तिथेच संपला.

निकालापूर्वी लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला. सगळे मिळून ४ लाख. लोकअदालतीत मिटले तर कोर्ट फी परत मिळते, त्यावर अपील होत नाही आणि पैसे लवकर हाती येतात. यजमानांचा कल तिकडे होता, कारण शस्त्रक्रियेसाठी घेतलेले उसने अजून फिटले नव्हते. वकीलबाईंनी सल्ला दिला नाही, हिशेब दिला. महिना ९ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ८ हजार. स्वतःचा व्यवसाय असलेल्या चाळीस ते पन्नास वयाच्या माणसासाठी पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवायचे, ते झाले १ लाख ३५ हजार. त्यावर क्षमतेची हानी १० टक्के धरली तर १४ वर्षांचे १ लाख ८९ हजार होतात आणि २५ टक्के धरली तर ४ लाख ७२ हजार ५००. बाकी दवाखान्याची बिले वगैरे दोन्हीकडे सारखीच. “पंचवीस मिळतील याची हमी मी देणार नाही, पण डॉक्टरांची साक्ष झालेली आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. रात्री घरात बराच वेळ बोलणे झाले. शेवटी उसने दिलेल्या दिरांनीच “माझे थांबतील, तुम्ही थांबा,” असे सांगितल्यावर आम्ही प्रस्ताव नाकारला. ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांनी घेतला तर त्यात गैर काही नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात निकाल लागला. क्षमतेची हानी २५ टक्के धरली गेली. त्यात औषधोपचाराचे १ लाख ३८ हजार, उपचाराच्या काळातील बुडालेले उत्पन्न, वेदना, प्रवास, सोबतीच्या माणसाचा खर्च आणि पट्टी काढण्याच्या पुढच्या शस्त्रक्रियेसाठी २० हजार, असे धरून एकूण ७ लाख ४० हजार आणि दावा दाखल झाल्या तारखेपासून व्याज मंजूर झाले. विमा कंपनीला अपिलासाठी ९० दिवसांची मुदत असते. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गाची अपिले तिकडे जाऊ लागली. अपील झालेच तर मुंबईऐवजी आंबा घाट चढून जावे लागेल, अशी तयारी वकीलबाईंनी ठेवायला सांगितली होती. अपील झाले नाही. रक्कम न्यायाधिकरणात जमा झाली, निम्मी थेट माझ्या खात्यात आली आणि निम्मी राष्ट्रीयीकृत बँकेत माझ्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश झाला. सुरुवातीला यजमानांना तो आदेश जाचक वाटला. मला वाटला नाही, कारण खात्यात पैसे आल्याची बातमी वाडीत माझ्याआधी पोहोचली होती.

दिरांचे पैसे त्याच आठवड्यात फेडले. वकीलबाईंची फी लिहून दिली होती तेवढीच, तिसऱ्या भागाची पावती घेऊन दिली. ठेवीचे व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येते. त्यातून फणस चिरणाऱ्या बाईंची हंगामातली मजुरी बहुतेक भागते. मनगटातली पट्टी काढायची की तशीच ठेवायची, हे डॉक्टर पुढच्या तपासणीत सांगणार आहेत.